भूगोल पाठ करूनही विसरतो, काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी भूगोल घेतला आहे. धडे पाठ होतात, पण महिन्याभरात पुसले जातात. नकाशा किंवा आलेखावरचा प्रश्न आला की हात थांबतो. प्रकल्पही करायचा आहे आणि त्याची भीती वाटते. अभ्यास नेमका कसा करावा, आणि पुढे या विषयाचा उपयोग होतो का?

गेली २७ वर्षं मी शेवटच्या दोन वर्गांना भूगोल शिकवते. हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुधा पहिल्या परीक्षेचे पेपर हातात पडल्यावर. विचारणारी मुलं आळशी अजिबात नसतात. त्यांच्या वह्या नीटनेटक्या, पाठांतर चोख, तरीही मार्क अडलेले. म्हणून आधी हे सांगते, तुझ्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. तू ज्या रीतीने भूगोल साठवते आहेस, त्या रीतीने तो कोणाच्याच डोक्यात टिकत नाही.

खालच्या वर्गांत भूगोल 'कुठे?' आणि 'काय?' विचारतो. अटाकामा वाळवंट कुठे आहे, त्याच्या किनाऱ्यालगत वाहणारा हंबोल्ट हा सागरी प्रवाह उष्ण की शीत, असलं एका शब्दाचं उत्तर पुरतं. शेवटच्या दोन वर्षांत प्रश्न होतो 'तिथेच का?', आणि त्याच्या पाठोपाठ 'मग पुढे काय झालं?'. पुस्तक मात्र आधीसारखंच दिसतं, म्हणून मुलं अभ्यासही आधीसारखाच करत राहतात. तुझ्या वहीत 'अटाकामा : चिली', 'हंबोल्ट : शीत' अशा सुट्या जोड्या असतील. त्या एकमेकींना धरून नसतात, म्हणून एकेक करून गळून पडतात.

अटाकामाच घेऊ. हे वाचून सोडून देऊ नकोस, कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर काढ.

दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा म्हणून वरून खाली एक रेघ ओढ. डावीकडे पॅसिफिक महासागर, उजवीकडे किनाऱ्याला लागूनच अँडीज म्हणून त्रिकोणांची रांग. सुबक आलं नाही तरी चालेल. पुस्तक मिटलेलं असू दे. आता स्वतःला विचार, समुद्र इतका उशाशी असताना इथे पाऊस का नाही? अरिका शहर अगदी किनाऱ्यावर आहे, आणि तिथे वर्षाला सरासरी १ मिलिमीटरही पाऊस पडत नाही.

पहिलं कारण अक्षांशात आहे. साधारण २० ते ३० अंश दक्षिणेच्या पट्ट्यात, विषुववृत्तापाशी वर गेलेली हवा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणि ढग विरतात. दुसरं कारण अँडीज. ॲमेझॉनच्या बाजूने येणारी दमट हवा पूर्वेच्या उतारावरच पाऊस पाडून मोकळी होते, पश्चिमेच्या वाट्याला पर्जन्यछाया येते. तिसरं कारण हंबोल्ट प्रवाह, आणि इथे बहुतेक मुलं घसरतात. 'पाणी थंड, म्हणून बाष्पीभवन कमी, म्हणून पाऊस नाही' असं लिहून पुढे जातात. हे अर्धंच उत्तर झालं. कारण मग याच किनाऱ्यावर दाट धुकं कसं येतं? डोंगरउतारावर जाळ्या उभारून त्या धुक्यातून पाणी गोळा करण्याचे प्रयोग तिथे झाले आहेत. म्हणजे हवेत बाष्प आहे. ती हवा वर चढू शकत नाही, ही खरी अडचण आहे. थंड पाण्याला टेकलेली हवा खालून गार होते, आणि तिच्या वर खाली उतरून तापलेली उबदार हवा असते. गार, जड हवा खाली आणि उबदार हवा वर, म्हणजे तापमानाची विपरीतता. भांड्यावर झाकण बसावं तशी खालची दमट हवा अडकते. धुकं तयार होतं, पावसाचा ढग तयार होत नाही.

तीन बाण काढून झाले की कागदाच्या उरलेल्या भागावर 'मग पुढे काय?' असं लिही. पाऊस नाही, म्हणून जमिनीतले विरघळणारे क्षार वाहून गेले नाहीत आणि खतांसाठी, स्फोटकांसाठी लागणाऱ्या नायट्रेटचे मोठे साठे टिकून राहिले. त्या साठ्यांवरून पेटलेलं युद्ध १८७९ ते १८८३ चाललं, एका बाजूला चिली, दुसऱ्या बाजूला पेरू आणि बोलिव्हिया. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा त्यात गेला, आणि तो देश आजही भूवेष्टित आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेतल्या नायट्रोजनपासून कारखान्यात अमोनिया बनू लागला, तशी नैसर्गिक नायट्रेटची मागणी घसरत गेली आणि खाणींभोवतीची गावं ओस पडली. आज त्याच वाळवंटात खाऱ्या पाण्याच्या तलावांतून लिथियम मिळवतात. पाणी नुसतं उन्हावर आटवता येतं, ते हवा कोरडी आहे म्हणूनच. मोठ्या दुर्बिणीही तिथेच उभ्या आहेत, कारण आकाश स्वच्छ आणि हवेत बाष्प कमी.

किनाऱ्याच्या रेघेपाशी परत ये. थंड पाणी खालून वर येताना पोषक द्रव्यं घेऊन येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव वाढतात, प्लवकावर मासे. पेरूची मोठी मासेमारी त्यावर उभी आहे. एल निनोच्या वर्षांत, उदाहरणार्थ १९८२-८३ किंवा १९९७-९८ मध्ये, किनाऱ्याचं पाणी तापलं, मासेमारी कोसळली, आणि पेरूच्या उत्तरेकडच्या कोरड्या किनाऱ्यावर पूर आले. पाणी तापलं की झाकण निघतं, हवा वर चढते, पाऊस पडतो. हंबोल्ट प्रवाहाचं कारण खरं की नाही, याचा हा निसर्गानेच दिलेला पुरावा आहे.

आता बघ, एका कागदावर वाऱ्यांचे पट्टे, सागरी प्रवाह, पर्जन्यछाया, खनिजं, युद्ध, उद्योग आणि मासेमारी आली. पुस्तकात हे निदान पाच वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं. एका दोरीला सगळं बांधलं की कुठलंही टोक ओढ, बाकीचं येतं. 'हंबोल्ट' हे नावही आता सुटत नाही, कारण त्याला काम मिळालं.

खरंच समजलं का हे तपासायला नकाशात दुसरीकडे जा. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर नामिब वाळवंट आहे, शेजारून बेंग्वेला शीत प्रवाह जातो. हीच साखळी तिथे लाव, कुठली कडी जशीच्या तशी बसते आणि कुठली बदलावी लागते ते बघ. मग ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा घे. अक्षांश जवळपास तेच, खंडाची पश्चिम बाजू तीच, तरी किनारा अटाकामाइतका कोरडा का नाही? तिथे किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा लीउविन प्रवाह उष्ण आहे आणि अँडीजसारखी भिंत नाही. अपवादाचं कारण सांगता आलं की नियम कळला असं मी धरते.

असे ३० कागद दोन वर्षांत झाले तर अभ्यासक्रमाचा बराच भाग त्यांत येतो. कागद केला की आठवड्याने पुस्तक न बघता पुन्हा काढ. जो बाण आठवणार नाही तिथे लाल खूण कर आणि फक्त तेवढंच वाच. पूर्ण धडा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आणि ओळखीला आपण समज मानून बसतो. परीक्षेत कागद कोरा असतो, म्हणून सरावही कोऱ्याच कागदावर व्हायला हवा.

नकाशाचं म्हणशील तर तिथे हात थांबतो तो धसक्याने, आणि धसका मोडायला गणिताइतकाच सराव लागतो. सुरुवात स्केलपासून कर. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. समजा दोन बिंदूंमधलं अंतर २ सेंटिमीटर आहे, एक १०० मीटरच्या समोच्च रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषेवर, आणि दुसरा २०० मीटरच्या. १,००० मीटर चालताना १०० मीटर चढलीस, म्हणजे उतार १० ला १. एवढंच गणित आहे. रोज एक केलंस तर पंधरवड्यात ते बोटांवर बसेल.

समोच्च रेषा वाचताना मुलं दरी आणि सोंड (डोंगराचा पुढे आलेला उंचवटा) यांची हमखास अदलाबदल करतात, कारण दोन्हीकडे रेषा वळून टोक करतात. आकड्यांकडे बघ. टोक जास्त उंचीच्या बाजूला वळलं असेल तर दरी, कमी उंचीच्या बाजूला वळलं असेल तर सोंड. दरीतल्या टोकांतून निळी रेघ जात असेल तर टोक जिकडे वळलंय तिकडे नदीचा उगम.

छेद, म्हणजे जमिनीचा चढउतार बाजूने दाखवणारी आकृती, काढताना कागदाची सरळ कड नकाशावर ठेव, प्रत्येक समोच्च रेषेपाशी बारीक खूण करून शेजारी उंची लिही, मग ती पट्टी आलेखावर उतरव. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलेस तर ते स्केल १:१०,००० झालं. आडवं १:५०,००० आहे, म्हणजे तुझ्या छेदात उंची ५ पट वाढवून दाखवली आहे. हे '५ पट' छेदाखाली लिहायचंच. वाढवलेल्या उंचीमुळे साधी टेकडी सुळक्यासारखी दिसते, आणि हे न लिहिल्याने उत्तरातही मुलं 'तीव्र उतार' लिहून मोकळी होतात.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात आवडते, नकाशातून माणसं वाचायची. वस्ती नेमकी डोंगराच्या पायथ्याशी, एका ओळीत का? पूर येणाऱ्या सपाटीच्या वर, तीव्र उताराच्या खाली, आणि बऱ्याचदा जिथे झरे फुटतात त्या रेषेवर. रस्ता सरळ न जाता एका समोच्च रेषेला धरून का जातो? पूल तिथेच का? नकाशा समोर ठेवून रोज असे तीन 'का' विचार आणि एकेका ओळीत उत्तर लिही. उत्तर चुकलं तरी नकाशात पुरावा शोधायची सवय लागते, आणि परीक्षकाला तीच बघायची असते.

आलेखाचंही तसंच. एक चूक मी शेकडो पेपरांत पाहिली आहे. केपटाऊनचा हवामान आलेख दिलेला असतो, पावसाचे उंच स्तंभ जून-जुलैला. विद्यार्थी जून-जुलैचा पाऊस बघतो आणि लिहितो 'मोसमी हवामान'. तापमानाच्या रेषेकडे तो बघतच नाही. ती जानेवारीत २१ अंशांच्या आसपास आणि जुलैत १२-१३ वर आलेली असते. म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धातलं, जुलै हा हिवाळा, पाऊस हिवाळी आणि उन्हाळा कोरडा. हे भूमध्य सागरी हवामान. म्हणून आधी तापमानाची रेषा, मग पाऊस, हा क्रम कधी मोडू नकोस. आलेखाचं वर्णन करताना एकूण कल सांग, त्याला आकड्यांचा आधार दे, आणि कलाला न जुळणारा बिंदू असेल तर त्याचं नाव घे. तो शेवटचा भाग बहुतेक जण सोडतात.

आणि प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित कर. 'वर्णन करा' म्हटलं असेल तिथे कारणं लिहून मार्क मिळत नाहीत. 'स्पष्ट करा' म्हटलं असेल तिथे नुसतं वर्णन चालत नाही. 'मूल्यमापन करा' म्हणजे बाजू घ्यायची आणि ती का घेतली ते सांगायचं.

उदाहरणांबद्दल, म्हणजे ज्यांना सगळे केस स्टडी म्हणतात त्यांबद्दल. वीस उदाहरणं वरवर पाठ करण्यापेक्षा सहा-सात खोलवर कर, आणि जमेल तिथे जोडीने कर. २०१० मध्ये १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ चा. चिलीच्या भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ५०० पट. चिलीत मृत्यू पाचशेच्या आसपास. हैतीतल्या मृत्यूंचे अंदाज १ लाखापासून ३ लाखांपर्यंत जातात. इथे थांबून 'गरीब देश, म्हणून जास्त हानी' असं लिहिलंस तर उत्तर मध्यम दर्जाचं राहील. खोल जा. हैतीचं केंद्र राजधानीपासून २५ किलोमीटरवर आणि उथळ होतं, चिलीचं समुद्राखाली होतं. म्हणजे निसर्गाचाही वाटा आहे. चिलीने १९६० मध्ये ९.५ तीव्रतेचा भूकंप सोसला होता आणि बांधकामाचे नियम कडक केले होते. हैतीच्या राजधानीला २०० वर्षांहून जास्त काळ मोठा भूकंप माहीत नव्हता, आणि नियम पाळून घेणारी यंत्रणा दुबळी होती. गरिबी यात आहेच, पण ती कुठल्या वाटेने भिंतींपर्यंत पोहोचली हे दाखवणं म्हणजे भूगोल.

सिद्धांत आणि मॉडेलं मुलांना कोरडी वाटतात. थ्यूनेनचं शेतीचं (१८२६), वेबरचं उद्योगांच्या स्थानाचं (१९०९), बर्जेसचं शहराच्या वर्तुळांचं (१९२५), ख्रिस्टालरचं मध्यवर्ती ठिकाणांचं (१९३३). यांतलं प्रत्येक एका विशिष्ट जागी, विशिष्ट काळात सुचलेलं आहे. बर्जेसच्या डोळ्यांपुढे तेव्हाचं झपाट्याने वाढणारं शिकागो होतं. त्यामुळे मॉडेल पट्टीसारखं वापर. खरं शहर पट्टीपासून कुठे सरकलं आहे आणि का, हे लिही.

उपग्रह प्रतिमांसाठी एक संध्याकाळ तरी काढ. लँडसॅट मालिकेतले उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रं घेत आहेत आणि ती फुकट बघता येतात. अरल समुद्राची सत्तरच्या दशकातली आणि आजची प्रतिमा शेजारी ठेव. कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवल्यावर काय झालं ते दोन चित्रांत दिसतं. उत्तरेचा छोटा भाग मात्र २००५ च्या धरणानंतर थोडा सावरलेला दिसेल. तेही बघ, कारण उत्तरात सगळे फक्त नाशाबद्दल लिहितात.

उपयोगाचं विचारलंस. होतो. नगररचना, जलव्यवस्थापन, हवामान, आपत्ती नियोजन, सर्वेक्षण, वाहतूक आणि आता प्रामुख्याने जीआयएस, म्हणजे नकाशाला माहिती जोडून विश्लेषण करण्याचं तंत्र. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सुट्टीत शिकून घे. पण पुढे काय करायचं ते आजच ठरवून विषय निवडू नकोस, दोन वर्षं तो वाचायला आवडतो की नाही हे जास्त महत्त्वाचं.

राहिला प्रकल्प. विषय लहान घे, इतका लहान की प्रश्न एका ओळीत बसेल आणि उत्तर मोजता येईल. 'नदीचा अभ्यास' हा विषय नव्हे. 'उगमाकडून खाली जाताना ओढ्याचा वेग वाढतो का?' हा विषय. मोजायची ठिकाणं निदान १० ठेव. त्याहून कमी घेतलीस तर सहसंबंध, म्हणजे दोन मोजमापं एकमेकांबरोबर किती बदलतात ते, काढून हाती फारसं लागत नाही. स्पिअरमनच्या पद्धतीने काढलास तर १० जोड्यांसाठी गुणांक ०.६४८ किंवा त्याहून जास्त असावा लागतो, तरच ५ टक्के पातळीवर त्याला अर्थ आहे, म्हणजे तो नुसता योगायोग नसावा, असं म्हणता येतं. आणि पाण्यात उतरताना एकटी जाऊ नकोस, मोठं माणूस बरोबर हवं. वर पाऊस झाला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने हाच विषय घेतला होता. १० मीटर अंतर दोरीने आखायचं, वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा सोडायचा, खालच्या टोकाला घड्याळ थांबवायचं, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणून सरासरी वेग धरायचा. ती रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. पुस्तकात डोंगरातली नदी वेगवान आणि मैदानातली संथ असं वाचलं होतं, आणि तिचे आकडे नेमके उलटे आले होते. वरच्या ठिकाणी तुकडा रेंगाळत होता, खाली झपकन जात होता. 'आकडे बदलू का?' असं तिने विचारलं. मी म्हटलं, एकही आकडा बदलायचा नाही. परत जा, आणि या वेळी खोली, रुंदी आणि तळाचे दगड मोज.

ती गेली. वर पाण्याची खोली घोट्याएवढी आणि दगड दोन्ही हातांत न मावणारे. पाणी खळाळत होतं, फेसाळत होतं, म्हणून वेगवान दिसत होतं, पण त्याची ताकद दगडांना घासण्यातच खर्च होत होती. खाली पात्र खोल, तळ बारीक वाळूचा, पाण्याच्या मानाने घर्षण कमी. लिओपोल्ड आणि मॅडॉक या नद्यांच्या अभ्यासकांनी १९५३ मध्ये अनेक नद्यांच्या मोजमापांवरून हेच दाखवलं होतं की खाली जाताना सरासरी वेग बहुधा थोडा वाढतो. तिला हे नाव तेव्हा माहीत नव्हतं. तिने निष्कर्षात लिहिलं की माझं गृहीतक चुकलं, आणि खाली दहाही ठिकाणच्या दगडांच्या मापांचा तक्ता जोडला.